चुन्याचं बोट

१२ जानेवारी १९७६

न्हाय, सुनंशी भांडून आलेली न्हाय मी. आधीच सांगून ठेवते. इचलकरंजीत लेकाची एक खोली, त्यात मानसं पाच. लेक मागावर रातपाळी करून दिवसा झोपनार आन मी पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसनार. कशापायी? तीस वर्सं दवाखान्यात आया होते. जळालेलं, कुजलेलं, मेलेलं, सगळं ह्या हातांनी उचललं. त्या हातांना आता बसून खायची सवय लावायची व्हय? दवाखान्यातल्या वळखीच्या डाक्टर कृष्णातचा निरोप आला तशी ट्रंक उचलली आन कोल्हापूरची यष्टी धरली.

टाकाळ्यावर बंगला हाय. मला सवती खोली, खिडकीत पेरू, सैपाकाला ग्यास. काम एकच. डाक्टरच्या थोरल्या बहिनीचं, आक्काचं, करायचं. आईमागं तिनंच त्याला वाढवला, सोताचं लगीन केलं न्हाय. आल्या आल्या मटन शिजवलं. पांढरा रस्सा चाखून आक्का म्हनाली, बने, खोबरं वाचवून घरला न्हेनार हायस का? आजारी मानूस खोबऱ्यावरनं टोचून बोलतंय म्हंजे जगतंय. मला आवडली बाई.

डाक्टरनं दोन वह्या दिल्या. एकीत आक्काचा ताप आन फोड लिव्हायचे, ती त्याची. दुसरी ही, माझी. चौथी शिकलीय, येतं मला लिव्हाय.

१४ जानेवारी, संक्रांत

आक्काचं दुखनं बगितलं. अंगावर पान्यानं भरलेले फोड. जिथं फोड न्हाय तिथं बोट जरा रेटलं की कातडी सरकती, उकडलेल्या बटाट्याच्या सालीगत. चादर टाकली की कातडं घेऊनच निघती. म्हनून उघडी, केळीच्या पानावर झोपवायची. चमन म्हनून पोरगं हाय, ते रोज सकाळी सायकलवरनं ताजी पानं आनतं, आन डाक्टरच्या कामाला अंडी. मला इचारतो, मावशी, रोज कुनाची पंगत हो? म्हनले, तुझ्या बाची. हसत गेला.

डाक्टरला इचारलं, ह्ये हुतं कशानं. त्यानं तिळगुळाचा लाडू हातात घेतला. म्हनला, मावशी, अंग म्हंजे ह्यो लाडू. तीळ म्हंजे पेशी, लई बारक्या, डोळ्याला दिसत न्हाईत. तीळ तिळाला धरून बसलाय तो पाकामुळं. आक्काचं रगत तिचाच पाक खातंय. असं म्हनून लाडू चुरून दाखवला. आक्का पानावरनं वरडली, किस्ना, सनाच्या दिशी लाडू फोडू नगंस, खा.

१७ जानेवारी

मागच्या खोलीत डाक्टरचं काम चालतं. अंडं फोडायचं, आतलं अर्धंकच्चं पिल्लू काढायचं, कापायचं, एका पान्यात टाकायचं. त्या पान्याला मी सोडपानी म्हनते. पान्यातला चुना काढून घेतला की पेशी एकमेकीचा हात सोडतात, असं तो म्हनतो. आज पिल्लाचं काळीज टाकलं. मुगायेवढं, पन उडत हुतं. आमी जेवून आलो तर बाटलीत ताक. नुसतं ताक.

मग ते फडक्यानं गाळायचं, मापानं चुना घालायचा, बाटली हलवत ठेवायची. पेशी परत आपापली जात हुडकतात. कातडीची कातडीला, काळजाची काळजाला. पिल्लाचं जुळतं. आक्काच्या कातडीचं तेवढं जुळत न्हाय. वरीस झालं, खपतोय.

फडकं तीनदा बाटलीतल्या पान्यानं धू म्हनला. थेरं नुसती.

१९ जानेवारी

आज आक्काच्या मांडीचं चिमूटभर कातडं गाळायला घेतलं. फडकं धुवायचं काम माझ्याकडं. धुतलेलं परत कशाला धुवायचं? नळाखाली एकदा धरलं, पिळलं, दिलं. तंबाखू मळून नुकतीच दाढंला धरलीवती, अंगठ्याच्या नखात चुना तसाच हुता. आसू दे. चुन्यानं कोन मेलंय.

२१ जानेवारी

बाटलीत साय धरली! दुधावर धरती तशी, जाड, गुलाबी. डाक्टर आधी हसला, मग रडला. माझे दोनी हात धरून म्हनला, मावशी, तुमच्या हाताला गुन हाय.

तीस वर्सांत कुना डाक्टरनं माझ्या हाताला हात लावला न्हवता. मी बोलले न्हाय चुन्याचं.

२३ जानेवारी

त्यानं एकट्यानं केलेल्या दोन बाटल्या पातळच राहिल्या. मी फडकं पिळलं ती धरली. मापाचा चुना येगळा आन माझ्या बोटाचा येगळा. त्यात तंबाखू हाय, थुकी हाय, काय काय हाय. आता रोज नखभर लावते. त्याला कळू देत न्हाय. कळलं तर गुन चुन्याचा, मग माझा काय?

२४ जानेवारी

आक्काच्या पाठीवर साय लावली. धरली.

२८ जानेवारी

आक्का बसती. एकबी नवा फोड न्हाय. पेरूखाली खुर्ची टाकून दिली. माझी चंची वडून घेतली, तंबाखू मळून खाल्ली, आन डबीतल्या चुन्याकडं बगत राहिली. म्हनाली, बने, खिडकीतनं मला मागची खोली दिसती गं. तुझ्या हाताला गुन न्हाय, चुना हाय. किस्नाला सांगू का?

म्हनले, सांगा की. मग पडा परत पानावर फोड घेऊन.

हसली. पन परत चंची मागितली न्हाय.

३० जानेवारी

फोड गेले तरी आक्का झोपती पानावरच. सकाळी तिला उठवलं. पान निघंना. पाठीला धरलंय. वडलं तर रगत आलं. पानातनं.

३१ जानेवारी

डाक्टरनं कडंनं कापलं. मधलं तसंच राहिलंय, तळहाताच्या दुप्पट. देठ न्हाय, झाड न्हाय, तरी हिरवंगार. शिरा तिच्या पाठीत उतरल्यात. डाक्टर म्हनतो, तीळ आता तीळ बगत न्हाय, गावंल त्याला धरतोय. तोंड पांढरं पडलंवतं त्याचं. मला इचारलं, मावशी, फडक्याला काय लागलंवतं का?

म्हनले, न्हाय.

२ फेब्रुवारी

चमन पानं घेऊन आला. आक्काची पाठ दिसली त्याला. सायकल हितंच टाकून पळालाय.

४ फेब्रुवारी

उजव्या हाताची बोटं जुळली. आधी दोन, मग चार. डाक्टरनं कातरली. आक्का वरडली न्हाय, माझ्याकडं बगत हुती. दुपारपतोर परत जुळली.

त्यानं सोडपानी लावून बगितलं. काय फरक न्हाय. म्हनला, चुना काढून घेतला तरी सुटंना, म्हंजे धरनारं दुसरंच काय तरी हाय. ते कळलं तर त्याचं सोडपानी करतो.

परत इचारलं. परत न्हाय म्हनले.

६ फेब्रुवारी

ओठ कडंनं शिवत निघालेत. आज आक्कानं बोलायला तोंड उघडलं. किस्ना — बनी — बोटाला — येवढंच. डाक्टर बाटली आनाय गेलावता, त्याला ऐकू गेलं न्हाय. मी पेज भरवत हुते. चमचा तसाच तिच्या तोंडात धरला. बराच येळ.

७ फेब्रुवारी

तोंड बंद झालं. मधी पपईच्या देठाची नळी बसंल येवढं भोक. त्यातनं पेज घालते.

खरं लिव्हते, ही वही माझी हाय. पयलं मनात आलं ते, बरं झालं.

८ फेब्रुवारी

पाठ पुसत हुते. तिनं हात फिरवून माझं मनगट धरलं. ज्या हाताची बोटं जुळून एक झालीत त्या हातानं. वडून बगितलं. म्हनले, आक्का सोडा. सोडलं न्हाय. डोळं मिटून घेतलं, मी तिला पाजताना ती मिटायची तसं.

संध्याकाळपतोर फट न्हाय राहिली.

९ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिव्हते. डाक्टरनं कापलं — तिच्या बाजूला न्हाय, माझ्या बाजूला. परत धरलं, चार बोटं वर. तिची नाडी माझ्या मनगटात उडती. भूक तिला लागली की पोट माझं दुखतं.

ट्रंकंपतोर जाता येत न्हाय. वही उशाखाली.

१० फेब्रुवारी

कोपरापतोर. त्यानं माझ्या दंडाला शाईची रेघ मारलीय. हितनं कापनार म्हनला. मग म्हनला, पन त्याच्या वर बी चढंल मावशी. मग खांद्यातनं. मग कुठनं? त्यापरीस सांगा काय लावलंवतं. लगीच त्याचं सोडपानी करतो. दोघीबी सुटाल.

दोघी.

पिल्लाचं ते काळीज बी सुटलंवतं. ताक झालंवतं.

११ फेब्रुवारी

आक्काला इचारलं. सांगू का? व्हय आसंल तर दाबा.

दाबलं. लई जोरात. परत इचारलं, परत दाबलं. दिवसभर दाबतीय. तिला सुटायचंय — तिला सुटू दे की, पन माझ्यासकट कशापायी — मी काय केलंय, नखभर चुना —

१२ फेब्रुवारी

दंडाच्या रेघंवर आलं. रेघ आत गेली, दिसत न्हाय.

केळीचं पान वाढतंय. माझ्या खांद्याखाली गार लागतं.

आन ती दाबतीय. दाबतीय.

१३

डाक्टरनं बादली आनली. मोठी. पानी करायच्या तयारीत हाय, म्हनतो, फकस्त नाव सांगा. लई गोड बोलतोय. मावशी, तुमच्या हाताला गुन हाय, म्हनतो — माझी चंची हुडकली, तंबाखू हुंगली, ठेवून दिली — डबी उघडली न्हाय —

आता उशाकडं बगतोय. वहीकडं. हात फुडं केलाय. द्या म्हनतो.

देनार न्हाय. दाब, आक्का, किती दाबायचं तेवढं दाब. एक अक्षर सांगनार न्हाय मी. कुनालाच न्हाय. इचारू न