साक्षीदार क्रमांक दोन याचा पत्ता

एक पाय फाटकाच्या आत आणि दुसरा रस्त्यावर ठेवून हाल्या उभा आहे, आणि मी त्याला तिसऱ्यांदा सांगतो आहे की चहा मिळणार नाही, जेवण मिळणार नाही, काहीच मिळणार नाही. माझी सही होताना बघायची आणि खाली अंगठा उठवायचा, एवढेच काम.

"काय पण नाय देणार?"

"काही नाही."

"नक्की?"

"कागदावर लिहून देतो."

"मग लिही. मी हितंच उभा हाय."

तो उभा आहे तोवर लिहून काढतो. मजकूर डोक्यात तयार आहे.

लिहून ठेवणार: गोविंद दामोदर चुरी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी दस्तलेखन, सध्या काही नाही, राहणार खोली क्रमांक दोन, सात खोल्या, मौजे कैनाड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट शेजारच्या खोलीतून हिराबाई ओरडते आहे की चांगल्या दिवसाला मरणाचे कागद कशाला करता. मला आजार नाही. मृत्युपत्र करायला माणूस मरणाला टेकावा लागतो असा समज आहे. तो चुकीचा आहे. मृत्युपत्राला वस्तू लागतात. माझ्याकडे त्या आता आहेत. हे माझे पहिले मृत्युपत्र असून, आणखी वस्तू झाल्या तर शेवटचे असेलच असे नाही.

वर 'राहणार' हा शब्द लिहून मी थोडा थांबलो होतो. डहाणूच्या कचेरीसमोर फळी टाकून मी एकतीस वर्षे लोकांचे दस्त लिहिले. त्यांतली शेवटची एकोणीस वर्षे मी त्याच फळीमागे, बंद दुकानाच्या पायरीवर झोपत होतो. लोक घराचे कागद करायला यायचे. ते येण्याआधी मी उठून, स्टेशनच्या नळावर आंघोळ करून, अंथरूण फळीखाली सरकवत असे. सदरा नेहमी स्वच्छ. कोणाला कळले नाही. दिवसातून दहा वेळा मी 'राहणार' लिहायचो आणि पुढे दुसऱ्याचे गाव घालायचो.

एक. घर. सात खोल्या ही चाळ माझी नाही, एका संस्थेची आहे. पूर्वी इथे फुग्यांच्या कारखान्यातले कामगार राहत. कारखाना बंद पडला, चाळ उरली; पावसाळ्यात भिंतींना अजून रबराचा वास येतो. आता इथे स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर, पायऱ्यांवर झोपणारे आम्ही लोक राहतो. खोली माझी नसल्याने ती मला कोणाच्या नावे करता येत नाही आणि त्याचे मला दुःख नाही. चार वर्षांपूर्वी संस्थेच्या निलमताई माझ्या फळीपुढे आल्या. त्यांनी आधी माझ्या हातात किल्ली ठेवली, मग चहा सांगितला, मग पिशवीतून कागद काढले.

"हे उलटं आहे," मी म्हणालो. "आधी कागद, मग किल्ली."

"काका, कागद कुठे पळून चाललेत? आधी नीट झोपा तर खरं."

इतका अव्यवहारी व्यवहार मी जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी मी दार वीस वेळा लावले आणि वीस वेळा उघडले. कोणी काही म्हणाले नाही. पुढे रेशनकार्ड, बँकेचे खाते, मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सगळे निलमताईंनी मागून, एकेक करून केले. दारू पितोस का, हे त्यांनी कोणालाच आधी विचारले नाही. पलीकडच्या खोलीतल्या पांड्याला विचारले असते तर तो अजून फलाटावर असता आणि इथली भाजी कोणी लावली नसती.

दोन. माझा धाकटा भाऊ धनेश दामोदर चुरी, राहणार चिखले, यास काही देत नाही. कारण लिहितो, म्हणजे कोर्टाला शोधावे लागणार नाही. आमच्या वडिलांचे मृत्युपत्र मी लिहिले. आमच्या धंद्यात पद्धत आहे की कागद लिहिणाऱ्याने आणि साक्ष घालणाऱ्याने त्या कागदातून काही घेऊ नये. वडिलांनी विचारले, "गोविंदा, यात तुझं नाव कुठे आहे?" मी म्हणालो, "मीच लिहितोय बाबा. माझं नाव घातलं तर लोक म्हणतील, पोराने लिहून घेतलं. धनेश देईल माझं मला." वडील गेले. चिकूच्या वाडीतला माझा वाटा मागायला मी धनेशकडे गेलो, तेव्हा त्याने कपाटातून तो कागद काढला आणि मला वाचून दाखवला. एका ओळीत चूक नव्हती. अक्षर सुंदर होते.

पुष्कळ वर्षे मी त्याच्यावर रागावलो होतो. आता हिशेब असा आहे की वाडी त्याच्याकडे गेली, आणि त्याला तिथे वटवाघळांमागे धावावे लागते. माझ्या तेराव्याला त्याला बोलवावे. जेवण चांगले करावे. त्याला दोनदा वाढावे.

तीन. धनेशची मुलगी ऋचा हिला माझे पेन. ती महिन्यातून एकदा वडिलांना न सांगता येते आणि चिकू आणते. गेल्या वर्षी तिने वाडीतले एक कलम आणून फाटकापाशी लावले. म्हणाली, "तुमचा वाटा, काका." त्या झाडाची फळे खोली क्रमांक दोनमध्ये माझ्यानंतर जो राहील त्याची. पक्षी खातील ती पक्ष्यांची.

चार. हिराबाईला माझा भिंतीवरचा आरसा आणि त्याखालची फळी. हिराबाई सहा वर्षे स्टेशनवर गाठोड्यावर डोके ठेवून झोपली. तिने गाठोडे अजून सोडलेले नाही. म्हणते, सोडलं की पुन्हा बांधावं लागतं. फळी मिळाली तर ते सोडून वर लावून ठेवावे अशी विनंती. हे मी आत्ताच तिला भिंतीतून ओरडून सांगितले.

"मना कशाला आरसा? मी काय नवरी हाय?"

मी पुढचे कलम लिहायला घेतले.

"पण मोठा हाय का तो?" तिने विचारले.

पाच. पांड्याने माझी काडेपेटी आजवर सात वेळा नेली. ती त्याला कायमची देतो. म्हणजे नेताना त्याला खोकण्याचे सोंग करावे लागणार नाही. शिवाय माझे दोन्ही सदरे त्याचे. ते त्याला घट्ट होतील. त्याने भाजी थोडी कमी खावी.

सहा. उरलेल्या तीन खोल्यांतल्या माणसांना अनुक्रमे चादर, स्टूल व स्टीलचा डबा. दूधवाल्याला छत्री. बँकेत जे काही असेल त्यातून या घरासाठी मोठा कुकर घ्यावा. आहे त्याची शिट्टी रेल्वेच्या आधी वाजते आणि लोक उगाच पळतात.

सात. पेचकस. हा कोणा एकाला देत नाही, घराला देतो. फाटकाजवळच्या खिळ्याला टांगून ठेवावा. कारण पुढे येते.

हाल्याबद्दल लिहायला हवे. तो अजून उभा आहे, पण आता दुसरा पाय आत आला आहे, कारण रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

हाल्या सायवनचा. वीटभट्टीवर कामाला होता. तिथे मुकादमाने त्याला राहायला खोली दिली होती, आणि संध्याकाळी तो बाहेरून कडी घालायचा. हाल्या तिथून निघाला त्याला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून तो छपराखाली झोपलेला नाही. पावसात पुलाखाली जातो, कारण पुलाला दार नसते. रोज चार वाजता आमच्या फाटकाशी येऊन बाटलीत पाणी भरतो. पाणी घेतो, चहा घेत नाही. निलमताईंनी त्याला चार वेळा खोली देऊ केली. चारही वेळा तो म्हणाला, "ज्यानं खोली दिली त्यानंच कडी घातली, ताई. नको."

खोली क्रमांक तीन अकरा दिवस रिकामी आहे. तिथला शुक्रा तलासरीला मुलीकडे राहायला गेला. नातवाने त्याला मोटारसायकलवरून नेले आणि तो मागे बसून मंत्र्यासारखा हात हलवत होता. ती खोली उद्या दुपारी बारा वाजता यादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल. ते योग्यच आहे. पण पुढचा माणूस बोलावले की येईल. हाल्या बोलावल्यावर येत नाही, आणि आज तो खोकतो आहे.

म्हणून कलम तीन ते सहा काळजीपूर्वक केली आहेत. या घरात आता असा एकही माणूस नाही ज्याला माझ्याकडून काही मिळत नाही. पद्धतीप्रमाणे यातला कोणीही साक्षीदार चालत नाही. दूधवाला चालला असता, म्हणून त्याला छत्री लिहिली. निलमताई चालतात, त्यांना संस्थेच्या नियमाने कोणाकडून काही घेता येत नाही, आणि त्या आत्ता माझ्या टेबलाशी बसून हसू दाबत आहेत. दुसरा साक्षीदार हवा. असा, ज्याला कोणाकडून काही नको आहे. असा माणूस अख्ख्या डहाणूत मला एकच माहीत आहे.

ये रे, म्हटल्यावर तो आला. बसला नाही. मी सही केली, निलमताईंनी केली, त्याने पाहिले. मग त्याने अंगठा पॅडवर इतका दाबला की शाई बाजूने वर आली.

"नाव हाल्या जान्या कोम," मी लिहीत लिहीत म्हणालो. "राहणार?"

"डहाणू."

"डहाणूत कुठे?"

"फिरता हाय असं लिही."

"चालणार नाही. उद्या मी मेलो आणि धनेश म्हणाला की हा कागद खोटा आहे, तर साक्षीदाराला बोलावणं येईल. ते कुठे पोचवायचं?"

"मना बोलावतील? कोर्टात?"

"तुलाच. तू सापडला नाहीस तर हिराबाईचा आरसा गेला."

"अरे हाल्या!" भिंतीपलीकडून हिराबाई. "गायब झालास तर बघ!"

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिले. पुढचे दोन दात नाहीत. मग विचारात पडला. एवढ्या वर्षांत त्याचा पत्ता कोणाला हवा झाला नव्हता.

"रायटर," तो म्हणाला, "ती जागा रिकामी ठेव. उद्या सांगतो."

"बारा वाजायच्या आत," निलमताई म्हणाल्या.

जाताना तो खोली क्रमांक तीनच्या दाराशी थांबला. या दारांना कुलूप आतच बसवलेले आहे आणि ते किल्लीने दोन्ही बाजूंनी उघडते. पण बाहेरची कडी कारखान्याच्या काळापासून तशीच होती. ती मी सकाळी पेचकसाने काढली. दारावर चार भोके उरली आहेत. हाल्याने एका भोकात बोट घालून पाहिले, मग दुसऱ्यात. चारही मोजली. मग बाटली उचलून गेला.

कलम सात पुरे करतो: नवीन माणूस येण्याआधी त्याच्या दाराची बाहेरची कडी काढावी. पेचकस त्यासाठी आहे. बाकीच्या कड्या मी रविवारी काढतो.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, त्यातला 'खुशी' हा शब्द अक्षरशः खरा धरून, लिहिले.

ठिकाण: कैनाड
दिनांक: २७ नोव्हेंबर २०२५

सही: गोविंद दामोदर चुरी

साक्षीदार
१. निलम रमेश वरठा, राहणार तलासरी. सही.
२. हाल्या जान्या कोम, राहणार ________________. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

शेरा. दिनांक २८ नोव्हेंबर, सकाळी सव्वासात वाजता साक्षीदार क्रमांक दोन फाटकाशी आला. सोबत एक घोंगडी, एक पातेले व पाण्याची बाटली. म्हणाला, "रायटर, ती रिकामी जागा भर." काय लिहू असे विचारता म्हणाला, "खोली तीन, कैनाड." तसे लिहिले. बाजूला पुन्हा अंगठा घेतला. खाडाखोड नाही. खोली संस्थेची असल्याने या साक्षीदाराला माझ्याकडून काहीही मिळालेले नाही, हे नमूद करतो. निलमताईंनी किल्ली दिली. मग हिराबाईने चहा आणला. त्याने घेतला.