दृष्ट लागू नये म्हणून

अव्वा, सोलापुरातून तुझ्या महेश्वरीचं पाया पडणं.

बाळ दवाखान्यातून घरी आलंय, दूध पितंय. तुझा गुडघा कसा हाय?

सातव्या महिन्यात जन्मलेलं, तीन आठवडे ऑक्सिजनवर राहिलेलं लेकरू. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, ऑक्सिजननं डोळ्याचा पडदा बिघडू शकतो, महिन्याच्या आत तपासून घ्या. सासूबाई म्हणत्यात, "सव्वा महिना उंबरा ओलांडायचा न्हाय, दृष्ट लागती." अन् तुझे शिकलेले जावई नुसती मुंडी हलवत्यात! शिसारी आली मला. दृष्ट लागू नये म्हणून पोराची दृष्टीच घालवायची व्हय?

आज अठ्ठाविसावा दिवस. उद्या मी एकटीच त्याला घेऊन जाणार हाय.

तू धाडलेलं काजळ तसंच ठेवलंय. आधी त्याला आई दिसू दे.

तुझीच,
महेश्वरी