दुसऱ्या डावात बाजू बदलते

७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चकती जाळीत शिरली तेव्हा मी दोन्ही हात वर करून उभा होतो आणि ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. शब्द नव्हता बहुतेक, नुसता आवाज होता. मांडीवरची टोपी खाली पडली. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या, मग एकेक करून सगळेच वळले, आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या बाकांवर आनंद करणारा मी एकटाच आहे.

समोर बर्फावर आपली नात मुंगी गुडघ्यांवर बसली होती. चकती तिच्या मागे होती. गोल तिच्यावर झाला होता.

तू म्हणशील, नीट सांग. सांगतो. नात तेरा वर्षांची झाली आणि शाळेच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर आहे, हे तुला ठाऊक आहे. तीन महिने ती सामन्याला चला म्हणून मागे लागली होती. मी थंडीचं, गुडघ्याचं, मशीनवर पडलेल्या शिवणाचं कारण सांगत होतो. खरं कारण असं की मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळत नाही अशा ठिकाणी बसायची मला लाज वाटते. शेवटी शनिवारी गेलो. शेजारी हिरव्या लोकरी टोपीचे एक गृहस्थ होते. ते बेकरीवाले. त्यांची मुलगी मुंगीच्या पुढे बचावाला खेळते, शाळेत दोघी एकाच बाकावर बसतात. या भल्या माणसाने मला थर्मासमधली कॉफी दिली आणि खेळ समजावला. सहा इकडे, सहा तिकडे. रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. तीन डाव. चुकलेल्या खेळाडूला काचेच्या खोक्यात दोन मिनिटं बसवतात. मी सगळं पाठ केलं. मुंगी डावीकडे उभी, म्हणजे उजवीकडची जाळी समोरच्यांची. उजवीकडे चकती गेली की आनंद करायचा. हे मनात दुहेरी टाका घालून पक्कं केलं.

पहिला डाव संपला. एक गाडी येऊन बर्फ सारखा करून गेली. इस्त्री फिरल्यासारख्या सुरकुत्या जात होत्या, मी त्याच बघत बसलो. दुसरा डाव सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला चकती उजवीकडे गेली.

ताई, दुसऱ्या डावात बाजू बदलतात. हे बेकरीवाल्यांनी सांगितलं नव्हतं, कारण ते कुणालाही दिसतं. आमच्या मुली निळ्या, त्यांच्या पांढऱ्या. मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, डोळे मिटून बोटांनी कापडाची सुलट बाजू सांगतो. तिथे डोळे उघडे होते आणि मी रंग पाहिलाच नाही.

मुंगीने हेल्मेटच्या सळ्यांमधून वर बघितलं, तोवर मी टोपी उचलायला वाकलो होतो. टोपी लगेच सापडली. वर यायला मी वेळ लावला.

एक-शून्य हरलो. गाडीत तिने विचारलं की आपल्या बाकांवरून कोण ओरडलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

फोनवर हे सांगता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत, आणि या घरात भिंतींपेक्षा कान जास्त. तुझ्या गुडघ्याचं कळव. लोभ आहे तेवढा राहू दे, हे पत्र वाचल्यावरही.

तुझा
धाकटा


१५ नोव्हेंबर

चि. मुक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी हसले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू ओरडलास? शाळेत हजेरी घेताना तुझ्या नावाला मास्तर मान वर करून बघायचे, आवाज येणार नाही हे ठरलेलंच होतं. पोर बोलत नाही म्हणून आईने तुला दोन वर्षं डॉक्टरकडे नेलं. आणि अडुसष्टाव्या वर्षी तू तोंड उघडलंस ते समोरच्यांच्या गोलला. मुक्या, हे ऐकायला मी तिथे हवी होते.

तुझ्यामुळे मलाही खूळ लागलं आहे. शेजारच्या दंतवैद्याच्या संगणकावर दोन सामने पाहिले. पहिल्यात मला चकती दिसलीच नाही. तो म्हणाला की चकती बघायची नसते, माणसं कुठे वळतात ते बघायचं. तो स्वतः मात्र खेळाडूंचे दात बघतो आणि हळहळतो. ऑफसाइड तुला कळला का? नसेल तर ऐक. निळ्या रेषेच्या आत चकतीच्या आधी माणसाने जायचं नाही. वॉर्डात डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांनी घुसायचं नाही, तसंच. मी कुठल्या संघाची ते अजून ठरवलं नाही. दंतवैद्य म्हणतो की तसं चालत नाही, कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, नाहीतर नुसती थंडी वाजते.

आता एक विचारते. गाडीत तू मुंगीला काय सांगितलंस? एवढं लांब पत्र, टोपीसुद्धा आली त्यात, आणि तिथे मात्र एकच वाक्य. मी तीस वर्षं नर्स होते. जिथे खरं दुखतं, तिथलं माणूस भरभर सांगून मोकळं होतं.

गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो आणि चालतो. आशीर्वाद माझ्याकडे भरपूर आहेत. उत्तर तेवढं तू पाठव.

ताई


२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. विशेष एकच आहे.

मी ते हिरव्या टोपीवर ढकललं.

गोल झाला तेव्हा बेकरीवाले डोक्याला हात लावून उभे राहिले होते. मुंगीने वर बघितलं तर तेच दिसले. त्यांच्या शेजारी खाली वाकून मी टोपी झटकत होतो. गाडीत ती म्हणाली की आवाज तिथूनच आला आणि उभे तर तेच होते. मी म्हणालो की तेच असतील. दोन शब्द. मी इतका कमी बोलतो, ताई, आणि त्यातले दोन असे निघाले.

सोमवारी मुंगीने शाळेत मैत्रिणीला सुनावलं की तुझा बाबा समोरच्यांच्या गोलला नाचतो. तिने घरी जाऊन बापाला विचारलं. आणि त्यांनी सांगितलं की हो, मीच ओरडलो, जरा डुलकी लागली होती, दचकून उठलो तो भलतीकडे. पहाटे उठून भट्टी लावणारा माणूस, सगळ्यांना पटलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ज्या मोठ्या माणसांनी मला पाहिलं होतं त्यांनीही घेतलं नाही. त्यांनी निदान एकदा घ्यायला हवं होतं, असं मला वाटत राहतं, म्हणजे माझं काम झालं असतं. मग तसं वाटल्याचीही लाज वाटते.

काल पुन्हा गेलो. घरी थांबायला कारण सुचलं नाही. बेकरीवाल्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. थर्मास होता. त्यांनी हळूच आठवण केली की दुसऱ्या डावात बाजू बदलेल. टोमणा नव्हता, काळजीने सांगितलं. मी कॉफीचा कप तसाच खाली ठेवला.

बचावाची मुलगी आणि गोलकीपर एकमेकींना सारखं ओरडून सांगत असतात, मागून येते आहे, डावीकडे बघ, सोड. काल दोघींच्या तोंडातून अक्षर निघालं नाही. पाच गोल झाले. कोच बाईंनी सांगितलं की पुढच्या दोन शनिवारांत दोघींचं जमलं नाही तर मुंगीच्या जागी दुसरी उभी करावी लागेल. घरी आल्यावर मुंगीने पायाचे पॅड पलंगाखाली ढकलले आणि म्हणाली की तिला खेळायचंच नाही.

मी मशीनवर जाऊन बसलो आणि एका शर्टाची बाही उलटी लावली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. उसवली, पुन्हा लावली. मुलगा आणि सूनबाई म्हणतात की वय आहे मुलीचं, होईल ठीक. मी मान हलवतो.

काय करू ते लिही. लोभ मागायला आज तोंड नाही.

तुझा
धाकटा


३० नोव्हेंबर

चि. मुक्यास,
आशीर्वाद. या वेळी हसले नाही.

काय करायचं ते तुला माहीत आहे. मला विचारतोस ते मी राहू दे म्हणावं म्हणून. ते मी म्हणणार नाही.

एक जुनं लिहिते. नर्सिंगचा माझा अर्ज तू भरून दिला होतास, तुझं अक्षर चांगलं म्हणून. मी एकोणीस, तू पंधरा. जेवताना वडिलांनी तो ताटापाशी ठेवला आणि विचारलं की हे अक्षर कोणाचं. मी तुझ्याकडे बघत होते. बोलणार आहेस असं तू मला जिन्यात सांगितलं होतंस. तू ताटात बघत राहिलास. मग मी मैत्रिणीचं नाव घेतलं. अर्ज फाडला गेला, आणि त्या मैत्रिणीचं आपल्या घरी येणं बंद झालं. पुढच्या वर्षी मी माझ्या वाकड्या अक्षरात दुसरा भरला आणि गेले.

मी गेल्यापासून तू पत्रं लिहितो आहेस. बावन्न वर्षं. त्यात त्या जेवणाबद्दल एक ओळ नाही. मीही काढली नाही. मला वाटायचं तू विसरलास. तुझं मागचं पत्र आल्यापासून तसं वाटत नाही.

दंतवैद्याकडे मी आता ते काचेचं खोकं नीट बघते. चुकलेला आत जातो, सगळे त्याच्याकडे बघतात, तो पाणी पितो. दोन मिनिटं झाली की दार उघडतं आणि तो उडी मारून बर्फावर येतो. आत छान बसला आहे म्हणून कुणी तिथेच राहत नाही. आणि तो आत असेपर्यंत त्याचा संघ बाहेर एक माणूस कमी घेऊन खेळतो, हे मला आधी कळलं नव्हतं.

मुंगी तशी खेळते आहे.

जास्त लिहीत नाही. लोभाचं म्हणशील तर तो जायचा असता तर त्या जेवणाच्या वेळीच गेला असता.

ताई


७ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. आज खरोखर डोकं टेकून.

आधी ते जुनं. अक्षर माझं होतं. हे एक वाक्य लिहायला तीन कागद गेले.

आज सामना होता. मी सकाळी पलंगाखालून पॅड काढले, पुसले आणि मुंगीपुढे ठेवले. आजचा एक खेळ, मग तुझी मर्जी, एवढंच म्हणालो. ती आली.

मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर अरुंद बोळ आहे. खाली रबरी चटया, ओल्या मोज्यांचा वास. तिथूनच त्या बर्फावर जातात. मी बेकरीवाल्यांना हाताला धरून तिथे नेलं. त्यांना वाटलं मला चक्कर येते आहे, त्यांनी मला भिंतीला टेकवायला घेतलं. दोघी बाहेर आल्या, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. मी म्हणालो की त्या दिवशी ओरडलो तो मी, वाकून लपलो तो मी, आणि गाडीत खोटं बोललो तोही मीच. आवाज मोठा निघाला. खोलीतल्या बाकीच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मी बेकरीवाल्यांना हात जोडले. ते गडबडले. म्हणाले की पहिल्या सामन्यात त्यांनीही हेच केलं होतं, वर समोरच्या गोलकीपरच्या वडिलांना मिठी मारायला गेले होते, म्हणून माझं नाव सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. त्यांची मुलगी फसकन हसली. मुंगी हसली नाही. तिने हेल्मेट खाली ओढलं, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. काठी दारावर एकदा आपटली आणि गेली.

खेळताना दोघी बोलल्या. खेळापुरतं. डावीकडे, मागे, सोड. वरपर्यंत ऐकू येत होतं. दोन-एक असे हरलो. शेवटच्या मिनिटाला गोलकीपरला बाहेर घेऊन तिच्या जागी जास्तीची खेळाडू उतरवतात, हे तुला दंतवैद्याने सांगितलं असेलच. तेव्हा मुंगी बाकावर बसली होती, हेल्मेट वर सरकवलेलं, केस कपाळाला चिकटलेले. तिने मान वळवून बाकांकडे बघितलं. मी जागेवर होतो. वाकलो नाही.

कोच बाईंनी जागा बदलायचा विषय अजून काढलेला नाही. परतताना मुंगी खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर आईला म्हणाली की सोडायचं की नाही ते उद्या बघेन. माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच आहे. लाज गेली असं नाही, ताई. फक्त आता ती माझ्याकडे आहे, दुसऱ्याच्या टोपीखाली ठेवलेली नाही.

तुझा संघ ठरला की कळव. लोभाची ओळ आज लिहायला हात धजतो आहे, म्हणून लिहितो. असू दे.

तुझा
धाकटा

ता. क. ८ डिसेंबर. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. आज सकाळी मशीनवर डाव्या पॅडचा पट्टा ठेवलेला होता, एका टोकाला उसवलेला. त्यावर माझ्याच खडूने लिहिलं होतं, ही बाजू वर. मी पट्टा शिवला. मुंगी तो घेऊन सरावाला गेली.