रुमालाची गाठ

अल रुवैस, कतार
१२ डिसेंबर २०२३

ती. हमिदा आपास, धाकट्या जहूरचा सलाम वि. वि.

आपल्या मोहल्ल्यातली फरहा दोह्याहून सुट्टीवर गावी निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देतोय. यातलं फोनवर लिहिण्यासारखं नाही. वाचलंस की चुलीत टाक. तब्येत ठणठणीत आहे, पोट मात्र तुझ्या हातच्या कालवणावाचून रुसलेलं आहे.

आमच्या इज्ब्यावर, म्हणजे मालकाच्या मेंढ्यांच्या वाडीवर, तीन आठवड्यांत अकरा मेंढ्या मेल्या. आमचा सुदानी मेंढपाळ शपथेवर सांगतो की लांडगाच आहे. वन्यजीव खात्याची माणसं आली, ठसे पाहिले आणि म्हणाली की या देशात लांडगा उरलेला नाही, ही मोकाट कुत्री. शिवाय या भागातून हिवाळाभरात दोनच जनावरं धरायची परवानगी, तीही पिंजऱ्यात. बंदूक नाही, विष नाही, तारेचा फास तर मुळीच नाही. ती दोन शेजारच्या वाडीवर धरली गेली. मर्यादा संपली, खलास. मालक जाता जाता मला सांगून गेला की आणखी एक मेंढी गेली तर तो माणूस बदलेल. माणूस म्हणजे मी.

मग मी अब्बांची विद्या बाहेर काढली. मोटरसायकलच्या क्लच वायरी आणवल्या, फासक्या केल्या आणि झुडपांखालच्या वाटांवर लावल्या. दोन दिवसांत दोन जनावरं अडकली. कुत्री की लांडगे ते मला कळलं नाही, आणि मी फार वेळ बघितलंही नाही. पुरून टाकली. तेव्हापासून एकही मेंढी गेलेली नाही. आता पाठ थोपटतेस की कान पिळतेस ते कळव.

लोभ शिळा होऊ देऊ नकोस.

तुझा जहूर

मोहल्ला, ता. रत्नागिरी
२७ डिसेंबर २०२३

चि. जहूरास, हमिदाचे अनेक आशीर्वाद.

कानच पिळणार. फरहा परत निघाली आहे, म्हणून घाईत लिहिते. पन्नाशी आली तरी तुझी खोड गेली नाही. सरकारने नको म्हटलं की तुझे हात शिवशिवतात.

अब्बा फासकी लावली की खांद्यावरच्या रुमालाला गाठ मारत आणि उचलली की सोडत. तू हसायचास, अब्बांना दहापर्यंत मोजता येत नाही म्हणायचास. तू गाठी मारल्यास का? ते गेले तेव्हा रुमालाला एक गाठ तशीच होती. मला ती सोडायचा धीर झाला नाही, रुमाल पेटीत ठेवून दिला.

गेल्या सोमवारी शेजारच्या पुष्पावतीची पाडी काजूच्या बागेत अडकली. पाय हाडापर्यंत कापला गेला, जनावर वाचलं नाही. तार गंजून लाल झाली होती, पण फास अजून सरकत होता. पीळ बघताच मी ओळखलं. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली रे, आणि त्यांची फासकी तिथे बसूनच होती. मी पुष्पावतीला खरं ते सांगितलं. घरी येऊन मी गाठ सोडली आणि खूप रडले.

तुझ्या सगळ्या उचल. मोजून उचल. मालकाला भितोस तेवढा अल्लालाही भी.

माया आहे म्हणून रागावते, हे विसरू नकोस.

तुझी हमिदा

अल रुवैस
१९ जानेवारी २०२४

ती. हमिदा आपास सलाम वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी उचलायला लागलो. गाठी मारल्या नव्हत्या. डोकं शाबूत आहे, रुमाल कशाला हवा, असं वाटलं होतं. सात लावल्या होत्या. सहा मिळाल्या.

मधे दोन दिवस पाऊस झाला, मग वारा सुटला. वाळू इकडची तिकडे गेली आणि माझ्या खुणा पुसल्या. रोज काठीने झुडूप न् झुडूप ढवळतो.

पावसानंतर इथे वाळूत एक प्रकारची अळंबी उगवते, तिला फगा म्हणतात. मालकाची म्हातारी आई दरवर्षी फेब्रुवारीत ती काढायला येते. नजर अधू झालीय, म्हणून गुडघ्यांवर बसून झुडपांच्या मुळाशी बोटांनी चाचपत जाते. त्याच झुडपांशी, आपा. मला ती जेवल्याशिवाय जाऊ देत नाही.

खात्याला सांगितलं तर माझी नोकरी गेली आणि मालकावरही बालंट. न सांगावं तर झोप येत नाही. मला भीती वाटते. तुझ्याजवळ लपवून काय उपयोग?

दुवा करत राहा.

तुझा जहूर

दोहा
९ फेब्रुवारी २०२४

ती. हमिदा आपास सलाम वि. वि.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. फोनवर मला रडू येईल, म्हणून पत्रच.

सातवी सापडली. काठी टाकून म्हातारीसारखा हातांनीच चाचपत होतो, त्या फासकीनेच उजवं मनगट धरलं. डॉक्टर म्हणतात दोन बोटं आता कामाची नाहीत. मला वाटलं, चला, एवढ्यावर सुटलो.

मेंढपाळ खजूर घेऊन बघायला आला. बोलता बोलता म्हणाला की दुकानातून आणलेल्या पुडक्यात आठ वायरी होत्या, त्यानेच मोजून घेतल्या होत्या. मी त्याला परत पाठवून शेड धुंडाळायला लावली. तिथे एकही उरलेली नाही. म्हणजे मी आठ लावल्या. आठवी कुठे लावली, माझ्या डोक्यात काहीच नाही.

मालक म्हणाला, गप्प राहा, हात पंपात गेला म्हणून सांग. म्हातारी शुक्रवारी येणार होती. गुरुवारी मी खात्याच्या माणसाला बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी कुंपण घालून जागा बंद केली, तीन दिवस यंत्र फिरवून शोधलं. मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात मला विमानात बसवणार आहेत.

म्हातारी माझ्यावर रुसली आहे. तिने निरोप धाडला की यंदा जहूरने फगा चुकवला, पण पुढच्या हिवाळ्यात कुंपण निघालं की ती येणारच, इन्शाल्ला.

अब्बांचा रुमाल पेटीतून काढून ठेव. मला आता गाठ मारता येणार नाही. माझ्या नावाने एक तू मार, आणि घट्ट मार.

आहे तसा मला घरात घे.

तुझा जहूर