चाखलेलं धरायचं का?

दि. ६ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू बरं बरं म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्रही ठेवून देता येतं, पण निदान पुन्हा उघडता येतं.

बाबांनी सगळं कळवलंय. गुडघ्याच्या डॉक्टरांनी जूनअखेरची तारीख दिली आहे, पण अठ्ठ्याऐंशीचे ऐंशी किलो झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. तारीख हुकली तर एकदम पुढचं वर्ष. तोवर तुला चुलीपुढे उभं राहता येणार नाही म्हणून कँटीनचे मॅनेजर तुला खुर्चीत बसून कुपनं फाडायचं काम देऊ करताहेत, आणि तू त्यांना सांगितलंस की कुपनं फाडण्याआधी मी राजीनामा फाडीन. आत्या, राजीनामा फाडला तर नोकरी राहते. पण तुझा मुद्दा पोचला.

सोबतच्या पार्सलात स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, एक वही आणि कॅलरींचा तक्ता आहे. कॅलरी म्हणजे अन्नातल्या जळणाचं माप. तुझ्या शेगडीला गॅस लागतो तसं अंगाला हे. रोज लागतं त्यापेक्षा जास्त आलं की उरलेलं अंगावर बसतं. डॉक्टरांनी तुला दिवसाला चौदाशे सांगितल्यात. वहीत मी रकाने आखलेत: तारीख, जेवण, ग्रॅम, कॅलरी. तू पहिले तीन भर आणि पंधरा दिवसांनी पानं पाठव, गुणाकार मी करीन.

तुला एकटीला शिक्षा वाटू नये म्हणून मीही वही सुरू केली आहे. प्रयोगशाळेत दिवसभर बसून पाणी तपासायचं, त्यामुळे माझेही तीन किलो वाढलेत. माझी पानं तुला पाठवीन. आत्या, मोजलं की भीती कमी होते, हे मी इथे रोज बघते. गढूळ पाण्याचासुद्धा आकडा कळला की पुढे काय करायचं ते ठरवता येतं.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो मात्र काट्यावर ठेवू नये.

तुझी,
चिमणी


दि. १९ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काटा पोचला. केवढासा तो! मी दोनशे माणसांचा स्वयंपाक करते आणि तू मला बाहुलीच्या भातुकलीतला काटा पाठवतेस. तरी कुतूहल म्हणून कँटीनमध्ये घेऊन गेले. म्हटलं, आधी याचीच परीक्षा घेऊ. रश्शाला घालायच्या मिठाची मूठ भरून त्यावर सोडली. एकेचाळीस ग्रॅम. पुन्हा भरली, एकेचाळीस. मग मलाच गंमत वाटली आणि दहा वेळा भरली. सात वेळा एकेचाळीस, दोनदा चाळीस, एकदा बेचाळीस. त्या बेचाळिसाच्या वेळी मॅनेजरांनी मागून हाक मारली होती, ते धरायचं नाही. तेव्हा काटा बरोबर आहे, वापरायला हरकत नाही.

रोज लिहिते आहे. सकाळी दोन पाव, एक अंडं, बिनसाखरेचा चहा. दुपारी भात, भाजी, काकडी. रात्री सूप. भाताचा एवढासा ढीग बघून तुझे बाबा म्हणाले की हा मुंग्यांसाठी काढून ठेवलाय का. दादाला सांगून ठेव, एखाद्या दिवशी त्याच्याच डोक्यावर पालथा घालीन.

तुझी माया अशीच काट्याबाहेर राहू दे.

तुझी,
आत्या

ता. क. चिमणे, मी बाबा. दुकानांच्या पाट्या रंगवण्यातून वेळ काढून लिहितो. तुझी आत्या वजन करताना श्वास धरते. श्वासाचं वजन किती असतं ते कळव.


दि. २७ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मूठ आमच्या प्रयोगशाळेत गाजते आहे! मी ते दहा आकडे फळ्यावर लिहिले आणि मोठ्या बाईंना विचारलं की हे कुठलं यंत्र असेल. त्या म्हणाल्या, बरं दिसतंय, कुठे मिळतं? मी सांगितलं, माझी आत्या आहे, तिच्या मनगटाच्या पुढे मिळतं. बाई खूप हसल्या.

पण मला खरंच प्रश्न पडलाय. तुझ्या हाताला एकेचाळीस कसं कळतं? वजन कळतं, की बोटं मिटल्याचं कळतं? डोळे मिटून भरलीस तर? डाव्या हाताने? वेळ होईल तेव्हा करून बघ.

तुझी पानं तपासली. दिवसाला सरासरी साडेतेराशे. शाबास! असंच चाललं तर जूनपर्यंत आठ किलो नक्की. बाबांना सांग, श्वास धरला तर वजन तेवढंच राहतं, फक्त चेहरा लाल होतो.

आशीर्वाद चालू ठेवावेत, त्यांच्या कॅलरी नसतात.

तुझी,
चिमणी


दि. २८ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एक अवघड गोष्ट विचारते, रागावू नकोस. सात आठवडे झाले. तुझ्या पानांप्रमाणे आतापर्यंत साडेचार किलो तरी उतरायला हवे होते. उतरलाय एक. मी सगळे गुणाकार तीनदा केले.

आमच्याकडे आकडा जुळला नाही की बाई तीनच गोष्टी बघायला सांगतात: यंत्र, रसायन, नाहीतर माणूस. काटा तर तूच तपासलास. तक्ता छापील आहे. मग काही लिहायचं राहतंय का? एखादं बिस्किट, चहातली साखर? जूनला चारच महिने आहेत, म्हणून विचारलं.

कमीजास्त लिहिलं असेल तर पदरात घ्यावं.

तुझी,
चिमणी


दि. ७ मार्च

पदवीधरबाईंस,
आ.

पत्र मिळालं. माणूस बघा म्हणजे मी खोटं लिहिते, असंच ना? घरात तू पहिली शिकलीस, आम्हाला आनंद आहे. पण बिस्किटाला मी सात आठवड्यांत हात लावलेला नाही. जेवले ते कणन्‌कण लिहिलंय. तुझ्या बाबांनी काल माझ्या उशीखाली बिस्किटं शोधली. त्यांना त्यांचाच हरवलेला चष्मा सापडला.

आता माझंही ऐक. तुझी पानं मीही वाचली. दोन पाव. एक अंडं. अर्धं सफरचंद. दुसऱ्या दिवशी, अर्धं सफरचंद. पंधरा पानांत एकदाही तुझ्या सफरचंदाचं दुसरं अर्धं दुसऱ्या कुणी खाल्लेलं नाही. पत्रात लिहितेस की मैत्रिणी खूप झाल्यात. मग त्या जेवत नाहीत का? मला गुणाकार येत नाही, पण पान वाचता येतं.

वही बंद करावी म्हणते. मॅनेजरांनी कुपनांची खुर्ची पुसून ठेवली आहे.

आत्या


दि. १३ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चुकले. कान पकडले आहेत, म्हणून अक्षर वाकडं येतंय. सफरचंदाचं खरं आहे. मैत्रिणी अजून नाहीत. खोलीवर आल्यावर मी उभ्या उभ्या खाते आणि वही भरते. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. म्हणजे लिहायचं राहिलं ते माझंच.

पण वही बंद करू नकोस. काल एका विहिरीचं पाणी तपासताना मला तू आठवलीस. आम्ही बाटलीतून थोडं थोडं पाणी तपासायला काढतो, आणि संध्याकाळी बघावं तर अर्धी बाटली संपलेली. आणि एकदम डोळ्यांपुढे आलं: लहानपणी मी कँटीनच्या दारात बसून अभ्यास करायचे तेव्हा तू डावातून तळहातावर रस्सा घ्यायचीस, चाटायचीस, मीठ घालायचीस, पुन्हा तळहात. आत्या, चाखलेलं तू वहीत धरतेस का?

एक दिवस एवढंच कर. जवळ रिकामा वाडगा ठेव. जेवढं चाखशील तेवढंच त्या वाडग्यातही टाक. संध्याकाळी वाडग्याचं वजन कळव. मी काहीच समजून चाललेले नाही, नुसती उत्सुकता आहे.

राग ओसरला असेल तर पाव लोभ तरी पाठवावा.

तुझी,
चिमणी


दि. २२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सहाशे चाळीस ग्रॅम.

तीनदा ठेवून बघितलं. रस्सा, भात, वाटाणे-बटाटे, दुधातलं गोड, सगळं एकात एक कालवलेलं. दादाने वाडग्यात डोकावून विचारलं की हे कुणाचं जेवण. मी म्हटलं, माझं. आज मी दोनदा जेवले आणि मलाच पत्ता नाही.

पण चिमणे, मी खोटं लिहिलेलं नाही. तुझ्या रकान्यावर लिहिलंय जेवण. जेवण म्हणजे बसून, ताटात वाढून घेतलेलं. चाखणं हे काम आहे. आमच्या जुन्या मुख्य आचाऱ्यांनीच शिकवलं होतं की चाखणारा जेवत नसतो. तू जेवण विचारलंस, मी जेवण लिहिलं. तोंडात काय गेलं असं विचारलं असतंस तर तेही लिहिलं असतं.

आता पंचाईत अशी की चाखणं मला सोडता येणार नाही. तुला कधी सांगितलं नाही, पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी रश्शात दोनदा मीठ घातलं होतं. दोनशे ताटं तशीच परत आली. कुणी ओरडलं नाही, पाणी पिऊन उठून गेले. ते अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून एकेका पातेल्याला पाच पाच वेळा तळहात लावते. न चाखता वाढायचं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडायचा. त्यापेक्षा कुपनं बरी.

लोभ पाव नाही, पातेलंभर आहे.

तुझी,
आत्या


दि. २९ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की यंत्रही बरोबर, माणूसही बरोबर, प्रश्न चुकीचा होता. मी आता माझ्या टेबलापुढे लिहून लावलंय: आधी रकान्याचं नाव तपासा. तुझ्यावर संशय घेतला याची लाज वाटते. चूक माझ्या शाईतच होती.

सहाशे चाळीस ग्रॅम म्हणजे अंदाजे सातशे कॅलरी. रोजच्या. बघ, कोडं सुटलं! आता पंचाईतीचं. तू लिहितेस की तळहाताशिवाय भरवसा नाही. पण त्याच हाताची मूठ दहातून सात वेळा एकेचाळीस भरते, आणि उरलेल्या तीन वेळा एका ग्रॅमपलीकडे चुकत नाही. हे मी नाही, तू मोजलंयस. मिटलेल्या हातावर सगळ्या प्रयोगशाळेचा विश्वास आहे आणि उघड्या हाताचा त्याच्यावर नाही, हे कसं? त्या पहिल्या महिन्यात तुझ्या हाताला एकेचाळीस ठाऊक नव्हतं. आता आहे.

मी उंटावरून शेळ्या हाकते आहे, माहीत आहे. म्हणून सगळं सोड म्हणत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, तर चमच्याच्या टोकावरून रश्शाची का नाही? पातेल्याला एकदाच, शेवटी, छोट्या चमच्याने. आणि तो चमचा वहीत.

हातास आणि हाताच्या मालकिणीस नमस्कार.

तुझी,
चिमणी


दि. ९ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी केलं. उजवा हात रुमालात बांधूनच ठेवणार होते, पण मग मूठ कशी भरणार? भाजी चिरणारणीला सांगून ठेवलं की माझा तळहात वर दिसला की ओरड. ती बया इतकी ओरडली की मॅनेजर दोनदा आत येऊन गेले.

मुठी मोजून मीठ घातलं आणि झाकण ठेवलं. जीव टांगणीला. शेवटी चमच्याचं टोक लावलं. नीट कळलंच नाही बघ, जीभ भीतीनेच कोरडी पडली होती. तसंच वाढायला लावलं आणि मी भांडी घासायच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिले, ताटं बघत. पहिलं ताट आलं, चाटूनपुसून. दुसरंही तसंच. मी एकशे नव्वदपर्यंत बघितली. वेल्डिंगवाल्या एका माणसाने जाता जाता विचारलं की आज रस्सा कुणी केला. म्हटलं, मीच, का? तर म्हणे, उद्या पण करा.

त्या दिवशीचं चाखणं बासष्ट ग्रॅम. वहीत नवा रकाना काढलाय. डावा हात पण बघितला, सदतीस. डावखुऱ्या आचाऱ्यांचं जेवण अळणी होत असेल का गं?

आता तुझ्या वहीत माझ्याकडून एक रकाना. नाव लिही: कोणाबरोबर. रोज भरायचा.

लोभ आहे, अळणी नाही.

तुझी,
आत्या


दि. १७ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ऐंशी किलो तीनशे! आणि डॉक्टर म्हणाले की तीनशे ग्रॅम काट्याची चूक असेल, तर तू म्हणालीस की काटा चुकत नाही, तीनशे माझेच आहेत. बाबांनी सांगताना हसून फोन सोडला. तरी त्यांनी तारीख पक्की केली, हे काय कमी!

माझे दीडच उतरलेत. कारण तो रकाना. पहिला आठवडाभर तो कोराच राहायचा आणि मला त्याची शरम वाटायची. मग एक दिवस काचसामान धुणाऱ्या काकूंच्या बाकावर जाऊन बसले. पानं सोबत आहेत. बघ: सफरचंद, अर्धं. कोणाबरोबर: काकू. त्यांच्या डब्यातलं काय काय खाल्लं त्याचे ग्रॅम मात्र सांगता येत नाहीत, त्या वाढताना मोजू देत नाहीत. तिथे मी अंदाजे लिहिते. चालेल ना?

पंचवीस तारखेच्या दुपारी पोचते. शस्त्रक्रियेच्या आधी भेट होणार नाही, पण शुद्धीवर येशील तेव्हा समोर असेन.

धीर धरावा, श्वास धरू नये.

तुझी,
चिमणी


दि. २५ जून, सकाळी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

थोड्या वेळाने मला आत नेतील. हे पान इथल्या नर्सबाईंच्या हाती ठेवते. मी शुद्धीवर येईपर्यंत तुला वाचायला काहीतरी हवं.

भीती वाटत होती, म्हणून वही उघडली. मोजलं की कमी होते ना? नर्सबाईंनी कालपासून पाण्याचा थेंबही दिलेला नाही. तुझ्या वहीतला तो रकाना मी माझ्याही वहीत काढला होता. आजचं पान भरून ठेवते, मग राहायला नको.

जेवण: शून्य.
चाखणं: शून्य.
कोणाबरोबर: दादा. बाहेर बाकावर बसलाय. त्याला कुणी उपाशी राहायला सांगितलेलं नाही.

आल्या आल्या आधी त्याला जेवायला घाल. बसून.

तुझी,
आत्या