रऊफसाहेबांनी संपवलेली कॉफी

दाहाब

आई, तुझ्या हातांना ओठ टेकवून सुवैलिमचा सलाम.

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो. "हॉटेलवाल्यांनी तुझ्या लेकाकडे समुद्रात बुडी मारायला पाहुणे पाठवणं बंद केलं," असं कुणी सांगितलं तर ते खरं आहे. पण घाबरू नकोस.

माझ्या झोपडीसमोरच्या प्रवाळावर त्यांना बोटींसाठी धक्का बांधायचाय, त्यासाठी माझी सही हवीय. काल मॅनेजर रऊफसाहेब स्वतः आले. मी कॉफी दिली. मागणं घेऊन आलेला माणूस होकार मिळेपर्यंत पेल्याला हात लावत नाही, हे आपल्यात पोराटोरांनाही कळतं. कैरोच्या या साहेबांनी आधी कॉफी संपवली, मग कागद काढला.

शेजारी बसलेले सलामाकाका हसले, "साहेब, कॉफी प्यायलात, मागणं संपलं!"

"चेष्टा करता? उद्यापासून एकही पाहुणा मिळणार नाही!"

"नका पाठवू," मी म्हणालो. "प्रवाळ मेल्यावर ते काय तुमचा धक्का बघायला बुडी मारतील?"

आज मीच बसथांब्यावर उभा राहिलो. दोघं पाहुणे मिळाले.

तुझे गुडघे कसे आहेत? खजूर उतरवले का? आणि सहीसाठी मला समजवायला आलीस, तर आल्याआल्या कॉफी पिऊन टाक.

तुझाच हट्ट घेतलेला,
सुवैलिम