बोंबलणारी मोटारसायकल आणि पाच आकडे

रविवार, १२ मे

आजपासून नोंदी ठेवणार. मोटारसायकलच्या चोर-अलार्मचा कायमचा निकाल लावायचा आहे. मेमोरियल डेला, म्हणजे शहिदांच्या स्मरणदिनाला, पंधरा दिवस उरलेत. पेपर मिलमध्ये एकतीस वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसापुढे हे यंत्र म्हणजे किस झाड की पत्ती.

प्रश्न साधा आहे. रिमोट जवळ असला की गाडी गप्प. नसला आणि उभी गाडी जरा हलली की बोंब. गेल्या वर्षी दफनभूमीत शहिदांची नावं वाचत असताना बोंबलली. मार्लिसच्या थोरल्या भावाचं, डीनचं नाव नेमकं तेव्हाच आलं होतं. एकोणसत्तर साली व्हिएतनामच्या युद्धात गेला तो. मार्लिस मला एका शब्दाने बोलली नाही. बायको समजूतदार आहे. रिमोट घरी राहिलाय याची आठवण तिनेच करून द्यायला हवी होती, पण मीही ते काढलं नाही.

सोमवार, १३ मे, संध्याकाळी

आमच्या मोटारसायकल क्लबची मीटिंग. रोली क्रूगर दहा वर्षं मेमोरियल डेच्या मिरवणुकीत माझ्या मागे गाडी चालवतोय आणि दहा वर्षं माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. म्हणाला, "कॅप्टन, यंदा तुझी गाडी रडली तर पुढच्या वर्षी पुढे मी." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. आत्मविश्वास दिसायला हवा.

गुरुवार, १६ मे

फ्यूज काढला. सायरनच्या पोटात स्वतःची वेगळी बॅटरी असते, हे मॅन्युअलच्या पान १४१ वर आहे. मी पान १२ पर्यंत वाचलं होतं.

अकरा मिनिटं बोंबलली. शेवटी शेरीफचा माणूस आला. "ही गाडी तुझीच ना, लाइल?" म्हणे. बारा वर्षांची ओळख आणि हा प्रश्न!

शुक्रवार, १७ मे

नवा शोध. रिमोट नसला तरी इंडिकेटरच्या बटणांनी पाच आकड्यांचा गुप्त नंबर देता येतो, जितका आकडा तितक्या वेळा बटण दाबायचं, मग अलार्म बंद. तो नंबर गाडी घेतानाच शोरूममध्ये ठरतो. मला आठवत नाही. मी तेव्हा गाडीवरचं चकचकीत क्रोम बघत होतो.

शोरूमला फोन केला. काउंटरवरची बाई म्हणाली, नंबर आम्ही ठेवत नाही, पण 'मिसेसनी टाकला' अशी नोंद आहे. यांचा कॉम्प्युटर बिघडलेला दिसतो.

संध्याकाळी गावातलं दर शुक्रवारचं फिश फ्रायचं जेवण. मासे झकास होते. मार्लिस समोरच बसली होती. तिला विचारलं नाही. बायकोला विचारून गाडी चालू करणारा कॅप्टन मी तरी पाहिलेला नाही.

रविवार, १९ मे

नंबर शोधमोहीम. माझा वाढदिवस: नाही. मिलमधला हजेरी नंबर: नाही. प्रत्येक चुकीनंतर दोन मिनिटं थांबावं लागतं. त्यात चर्च बुडालं. डीनच्या थडग्यावर लावायला जेरेनियमची फुलझाडं आणायचीत, येतोस का, असं मार्लिसने विचारलं. म्हटलं, इथे महत्त्वाचं काम चाललंय. एकटी गेली.

मंगळवार, २१ मे

आमच्या लग्नाची तारीख टाकली. तीन टाकल्या. एकही लागली नाही.

गुरुवार, २३ मे

सुटलं! रिमोट सीटखालीच टेपने चिकटवून टाकला. आता रिमोट कायम गाडीपाशी, म्हणजे अलार्म कायम झोपलेला. इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही?

रिमोटची बॅटरी उतरली होती, तीही बदलली. दुकानापर्यंत कोण जातं? मार्लिसच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातून काढली. ख्रिसमसपासून काटा बंद पडत चाललाय अशी तिची कुरकुर असते. काटा म्हातारा झालाय, दुसरं काय.

शनिवार, २५ मे

रोली घरी आला. पावसाने दफनभूमीतली माती मऊ झालीय, स्टँड रुतेल, म्हणून खाली ठेवायला प्लास्टिकची चकती घेऊन. मी परत केली. चकत्या स्कूटरवाल्यांना.

तो गेल्यावर मार्लिसने माझा हात धरला. "यंदा तरी ओरडणार नाही ना रे?" मला फार वाईट वाटलं. म्हटलं, शब्द देतो.

सोमवार, २७ मे, मेमोरियल डे, दुपारी ४

मिरवणूक फर्स्ट क्लास. रस्ताभर लोक खुर्च्या टाकून बसलेले, मी सगळ्यांच्या पुढे. दफनभूमीत गाडी नेहमीच्या जागी लावली, डीनच्या थडग्यासमोर. पास्टर नावं वाचू लागले. "डीन" म्हणाले आणि स्टँड रुतला, गाडी कलली, बोंब सुरू.

सीट उघडायला स्क्रूड्रायव्हर लागतो. तो घरी. बटणं दाबली. लग्नाची चौथी तारीख सुचली होती, तीही नाही.

चुकीनंतरची दोन मिनिटं ती तशीच बोंबलत राहिली. मग मार्लिस खुर्चीवरून उठली. चर्चचे बूट चिखलात घालून आली, मला बाजूला सारलं आणि बटणं दाबली. नऊ वेळा. एकदा. चारदा. सहादा. परत नऊ वेळा. गाडी गप्प. मग पास्टरना म्हणाली, "परत वाचा." त्यांनी डीनचं नाव परत वाचलं.

मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी थडग्याकडे बघितलं. जेरेनियमच्या वर मृत्यूची तारीख कोरलीय, आधी महिना, मग दिवस: ९-१४-६९. दहा वर्षं मी त्याच दगडासमोर गाडी लावतोय.

विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू विचारलंस कुठे, लाइल?" आणि रोलीच्या मागे बसून घरी गेली.

मंगळवार, २८ मे

रोली कॅप्टन झाला. मी हात वर केला.

जेरेनियमला पाणी घालून आलो. चालत गेलो. येताना बॅटरी आणली आणि वजनकाट्यात घातली. काटा अगदी बरोबर चालतो.

जेवताना मार्लिसला आमच्या लग्नाची तारीख विचारली. ती हसत सुटली. शेवटी सांगितली.

मी टाकलेल्या चारांत ती नव्हती.